पायातली नाडी: मधुमेहींचे पाय तपासण्याची गोष्ट

 

आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. चप्पल काढा. पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधून एक रेघ घोट्याकडे ओढली आहे असं समजा. त्या रेघेवर, साधारण पावलाच्या मध्यावर, दोन बोटं हलकेच ठेवा. जोरात दाबू नका. थोडं इकडेतिकडे सरकवलंत की बारीक ठोका लागेल. नाही लागला तर घाबरू नका, काही धडधाकट माणसांतही ही नाडी जन्मतःच हाताला लागत नाही. मग आतल्या घोट्याच्या मागच्या खळग्यात बोटं ठेवून बघा. तिथे दुसरी नाडी असते.

आता सांगा, आजवर कुठल्या डॉक्टरांनी तुमच्या किंवा तुमच्या आईवडिलांच्या पायावर अशी बोटं ठेवली होती? नाडी म्हटलं की आपण मनगट पुढे करतो. ही सवय फार जुनी आहे. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षा येते ती हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी. आणि बीपी म्हटलं की आपण बाही वर करतो. पायाकडे कुणी बघत नाही. पायांकडे बघायला वैद्यकशास्त्र कसं शिकलं, आणि मधुमेही माणसासाठी ते शिकणं एवढं महत्त्वाचं का, हा आजचा विषय.

लंगडणारा घोडा

गोष्ट सुरू होते एका घोड्यापासून. आपल्या नाशकातही १८८९ मध्ये नाशिकरोड स्टेशन ते गाव अशी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली होती, म्हणजे ओझं ओढणारा घोडा इथल्या जुन्या लोकांच्या रोजच्या बघण्यातला. तर १८३१ मध्ये फ्रान्समधले पशुवैद्य बुले यांनी अशाच एका गाडीच्या घोड्याची नोंद लिहून ठेवली. उभा असताना घोडा ठीक. थोडा वेळ पळवला की मागचे पाय लंगडायचे. थांबवलं, विश्रांती दिली, की पुन्हा ठीक. घोडा मेल्यावर त्यांनी आत बघितलं, तर मागच्या पायांना रक्त नेणाऱ्या धमन्या बंद झालेल्या होत्या.

सत्तावीस वर्षांनी, १८५८ मध्ये, पॅरिसच्या शार्को यांना हीच गोष्ट माणसात दिसली. रुग्ण होता एक जुना सैनिक. कधीकाळी लागलेली गोळी पोटातच राहून गेलेली, आणि तिच्यापाशीच पायाकडे जाणारी धमनी बंद झालेली. काही मिनिटं चालला की पाय बधिर आणि जड. बसला की बरा. शार्को यांना बुले यांचा घोडा आठवला आणि त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

यामागचं गणित सोपं आहे. बसलेल्या पायाला रक्त थोडं लागतं, चालणाऱ्या पोटरीला कितीतरी जास्त. नळ अर्धा बंद असेल तर बसल्यावर भागतं, चालताना कमी पडतं. मग पोटऱ्या भरून येतात, गोळा येतो, माणूस थांबतो. डॉक्टरांना एक उत्तम खूण मिळाली: किती पावलं चालल्यावर दुखतं?

पण या खुणेत एक गोम आहे. ती रुग्णाच्या तक्रारीवर उभी आहे. रुग्ण म्हणाला पाहिजे की दुखतंय. न दुखणाऱ्या पायाचं काय? हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नव्हता. तो पडायला इन्शुलिन यावं लागलं.

माणसं जगली आणि पाय समोर आले

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. त्याआधी मधुमेहाची किती तरी माणसं बेशुद्धावस्थेत जाऊन दगावायची. इन्शुलिनमुळे ती जगायला लागली. दहा वर्षं, वीस वर्षं. आणि मग शरीरात हळूहळू होणारे बिघाड पुढे आले: डोळे, मूत्रपिंड, पाय.

बोस्टनमध्ये एलियट जोसलिन हे मधुमेहाचे मोठे डॉक्टर. त्यांनी १९३४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या गँगरीनवर एक लेख लिहिला. बेशुद्धीने होणारे मृत्यू कमी होत चालले होते, पण काळे पडलेले पाय घेऊन येणारे रुग्ण वाढत होते. जोसलिन यांचं म्हणणं असं, की हे काही दैवाचे भोग नाहीत, यातलं बरंचसं टाळता येतं. रोज पाय धुणं, पुसणं, बघणं, नखं नीट कापणं हे सगळं रुग्णाला शिकवायचं, आणि शिकवायला नर्स हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. पायाची काळजी हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे, हा विचार तिथून रुळत गेला.

आता मधुमेहात पायाला दोन बाजूंनी मार बसतो, ते नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. एक, नसा मरतात. म्हणजे संवेदना जाते. चप्पल चावली, खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. दोन, रक्तवाहिन्या अरुंद होतात. म्हणजे झालेली जखम भरायला लागणारं रक्तच खाली पोहोचत नाही. त्यात मधुमेहात अडथळे बहुतेक करून गुडघ्याच्या खालच्या बारीक वाहिन्यांत असतात.

आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की घोड्याची ती जुनी खूण बिनकामाची ठरते. रक्त कमी पडतंय म्हणून पोटरी दुखायला हवी, पण दुखणं सांगणारी नसच मेलेली. तक्रार येतच नाही. रुग्ण फार तर म्हणतो, "पाय जरा जड वाटतात, वय झालं आता."

बीपीचा पट्टा खाली कसा आला

तक्रार येत नसेल तर आपण होऊन शोधायला जावं लागतं. इंग्रजीत त्याला स्क्रीनिंग म्हणतात. आपण तपासणी किंवा चाळणी म्हणू. धान्यातले खडे बोलत नाहीत, चाळावं लागतं.

चाळायचं कशाने? १८९६ मध्ये इटलीतल्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी वापरून रक्तदाब मोजून दाखवला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, ठोका ऐकायचा. दंड सोयीचा होता म्हणून दंड. बाही वर केली की झालं.

१९५० मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस विन्सर यांनी हात आणि पाय दोन्हीकडे दाब मोजून तुलना केली. निरोगी माणसात घोट्यातला वरचा दाब दंडाइतकाच किंवा थोडा जास्तच असतो. धमनी बंद असेल तर घोट्यातला आकडा पडतो. कल्पना झकास, पण अडचण अशी की आजारी पायातला ठोका एवढा क्षीण असतो की स्टेथोस्कोपने तो ऐकूच येत नाही.

यावर तोडगा मिळाला तो आकाशातल्या ताऱ्यांकडून! १८४२ मध्ये प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल एक निबंध वाचला. मुद्दा असा की लाटा सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लाटा दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात. नाशिकरोडला न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा आठवा. जवळ येताना चढा, पुढे गेल्यावर उतरलेला. तेच ते. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी खरंच आगगाडीत तुतारीवाले बसवून हे तपासलं होतं.

या घटनेनंतर शंभरहून जास्त वर्षांनी जपानमध्ये ओसाकाला शिगेओ सातोमुरा यांनी अल्ट्रासाउंडच्या लाटा त्वचेतून आत सोडल्या आणि धावणाऱ्या रक्तावरून परत येणाऱ्या लाटांतला फरक पकडला. १९५९ मध्ये त्यांनी हातापायांच्या धमन्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. म्हणजे वाहतं रक्त आता ऐकू यायला लागलं. निरोगी धमनीचा आवाज ठसठशीत, वर-खाली होणारा. अडथळ्याच्या पुढचा आवाज लांबट आणि मरगळलेला, जसं पाणी जायच्या आधी नळ वाजतो.

१९६९ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधून याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉप्लर लावून घोट्याचा दाब मोजल्याचा अभ्यास मांडला, आणि आज जिला अँकल-ब्रेकियल इंडेक्स, थोडक्यात एबीआय म्हणतात ती तपासणी पक्की झाली. गणित पाचवीतल्या पोरालाही जमेल असं. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. दंडात १५० आणि घोट्यात ९० असेल तर ९० भागिले १५०, म्हणजे ०.६. आकडा १ ते १.४ असेल तर ठीक. ०.९ किंवा त्याखाली असेल तर पायाची धमनी अरुंद आहे असं धरतात. सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही. बीपीचा पट्टा, हातात मावणारं डॉप्लर, थोडं जेल आणि दहा-पंधरा मिनिटं.

वेल्लोरने काय शिकवलं

इथे आपल्या देशातला एक धागा जोडायलाच हवा. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करायचे. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की कुष्ठरोगात मांस आपोआप झडतं. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांसात दोष नाही. संवेदना गेल्यामुळे माणूस जखमी पायावर चालत राहतो, म्हणून जखम भरत नाही. पायाला विश्रांती द्या, प्लास्टर घाला, मऊ रबराची चप्पल द्या, जखम भरते. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि हीच शिकवण मधुमेही पायांना लागू झाली. तळपायाला टेकवून "कळतंय का?" विचारतात तो नायलॉनचा १० ग्रॅमचा धागाही कुष्ठरोगाच्या कामातूनच मधुमेहाच्या दवाखान्यात आला.

पण एक फरक महत्त्वाचा आहे. कुष्ठरुग्णाच्या पायात रक्त सहसा नीट पोहोचत असतं, म्हणून विश्रांतीने जखम भरते. मधुमेहीच्या पायात ते पोहोचत असेलच असं नाही. रक्त नसलेल्या पायावर घट्ट प्लास्टर घातलं तर घात होऊ शकतो. म्हणून जखम दिसली की पहिला प्रश्न हाच: खाली रक्त येतंय का?

जास्तीचा आकडाही वाईट

एबीआयलाही मधुमेह चकवतो. १९०३ मध्ये जर्मन डॉक्टर म्योंकेबर्ग यांनी धमनीच्या मधल्या थरात चुना साचतो, असं वर्णन केलं होतं. दीर्घकाळच्या मधुमेहात हे बऱ्याचदा होतं. धमनी पीव्हीसी पाइपसारखी कडक होते. मग पट्टा कितीही फुगवा, ती दबतच नाही आणि आकडा खोटा वर जातो. १.४ च्या वर एबीआय आला तर "वा, छान!" म्हणायचं नसतं, ती धोक्याची खूण आहे. कधी कधी तर अरुंद आणि कडक दोन्ही असल्यामुळे आकडा मधेच, अगदी नॉर्मल दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून दाब मोजतात, कारण बोटांतल्या बारीक वाहिन्या इतक्या कडक होत नाहीत. तिथे ०.७ च्या खाली गेलं की शंका घ्यायची.

२००३ मध्ये अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या तज्ज्ञांनी सांगितलं की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेहीचा एबीआय एकदा तरी करावा, तक्रार असो वा नसो. शेवटचे चार शब्द लक्षात ठेवा.

आणि आपल्याकडे?

चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने शहरातल्या लोकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २००० मध्ये आले. मधुमेहींमध्ये ६.३ टक्के लोकांच्या पायांत रक्तप्रवाह कमी होता, मधुमेह नसलेल्यांत २.७ टक्के. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा आकडा कमी, म्हणून निवांत व्हावंसं वाटेल. पण आयसीएमआरच्या २०२३ च्या मोठ्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. नुसता ढोबळ गुणाकार करा. साठ लाखांच्या वर माणसं होतात.

महाराष्ट्रात या विषयावर मन लावून काम करणारी माणसं झाली. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायाचा ध्यास घेतला. २००० नंतरच्या दशकात भारत आणि टांझानियात "स्टेप बाय स्टेप" नावाचा उपक्रम झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. डॉक्टर आणि नर्स यांच्या जोड्यांना पाय तपासायला शिकवायचं, आणि त्यांनी आपापल्या गावी जाऊन काम सुरू करायचं. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पायाच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र विषय म्हणून उभं करायला मदत केली.

आता नाशिक. राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्यांवर ज्याचा शिक्का असतो ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरूळला आहे. आणि त्याच जिल्ह्यात आपण पायांना किती राबवतो बघा. सप्तशृंगी गडावर अनवाणी जाणारे, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारे, सिंहस्थात रामकुंडाच्या तापलेल्या दगडांवर उभे राहणारे. सिन्नरला विड्यांचा जुना धंदा. विडी-सिगारेट पायाच्या धमन्यांची वैरीण आहे. मधुमेह नसतानाही विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या वाहिन्या बंद पाडणारा बर्जरचा आजार, न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला, आपल्या देशातल्या सर्जनांच्या चांगल्या ओळखीचा आहे. मधुमेह आणि विडी एकत्र आली की मग विचारूच नका.

माझा मामा सिन्नरचाच. चौदा वर्षांचा मधुमेह, दिवसाला एक बंडल विडी. दर महिन्याला शुगर आणि बीपी न चुकता. चांगली मोठी फाइल आहे त्याची. त्या फाइलीत दंडाच्या बीपीचे शंभरावर आकडे आहेत, पायाबद्दल एक ओळ नाही. मोजे काढा असं कुणी म्हणालं नाही, आणि मामानेही कधी काढले नाहीत, कारण दुखतच नव्हतं. एका लग्नात नवी चप्पल चावली. करंगळी आधी लाल, मग निळी, मग काळी. नाशकात आणलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी घोट्यावर डॉप्लर ठेवलं. मी शेजारी उभा होतो. आवाज यायला बराच वेळ लागला, आणि आला तो दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा. अँजिओप्लास्टी झाली, करंगळी गेली, पाय वाचला. मामा म्हणतो स्वस्तात सुटलो. मला हिशेब वेगळा वाटतो. तोच आवाज पाच वर्षं आधी कुणी ऐकला असता, तर करंगळीही राहिली असती कदाचित.

सरकारी योजनेत तिशीच्या पुढच्या लोकांची चाळणी होते. आशाताई घरी येतात, शुगर, बीपी आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी होते. हे मोठं काम आहे. त्यातून ज्याला मधुमेह निघतो, त्याच्या घोट्यामागे दोन बोटं ठेवायला अर्धं मिनिट लागतं.

शोधून पुढे काय?

इतिहास सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसतं शोधल्याने सगळं साधत नाही. २००८ मध्ये स्कॉटलंडमधला एक अभ्यास आला. मधुमेह आहे, एबीआय कमी आहे, पण तक्रार नाही अशा लोकांना ॲस्पिरिन दिली, फायदा दिसला नाही. उलट २०१७ मध्ये डेन्मार्कमधला अभ्यास बघा. ६५ ते ७४ वयाच्या सुमारे पन्नास हजार पुरुषांपैकी काहींना पोटातल्या मोठ्या धमनीची सूज, पायाच्या धमन्या आणि बीपी अशा तिन्ही तपासण्यांसाठी बोलावलं. त्या गटात साधारण पाच वर्षांत मृत्यू सात टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एक गोळी देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. तपासणीनंतर कोलेस्टेरॉलची औषधं, बीपी, तंबाखू सोडवणं, चालण्याचा व्यायाम, पायाची निगा ही सगळी साखळी लागते. पायाची धमनी अरुंद असेल तर हृदयाची आणि मेंदूचीही असण्याची शक्यता असते, हे त्यामागचं मोठं कारण.

१९८९ मध्ये इटलीत सेंट व्हिन्सेंट इथे युरोपातल्या देशांनी ठरवलं होतं, की मधुमेहामुळे कापावे लागणारे पाय पाच वर्षांत निम्म्यावर आणायचे. सगळीकडे ते जमलं नाही. पण त्यामुळे पाय मोजायला सुरुवात झाली, आणि जे मोजलं जातं त्याकडे लक्ष जातं.

तर तुमच्यासाठी काम. घरात कुणाला मधुमेह असेल, वय पन्नाशीपुढे असेल किंवा आजार दहा वर्षांचा झाला असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात तुम्ही सोबत जा. आत गेल्यावर त्यांचे बूट-मोजे तुम्हीच काढा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "पायाची नाडी बघता का? एबीआय करायला हवा का?" पाय गार पडतोय, रंग बदलतोय, जखम दोन आठवड्यांत भरत नाहीये, तर वाट बघू नका. काळं बोट दिसलं तर त्याच दिवशी जा. आणि गरम पाण्याची पिशवी, शेक, चटका हे घरगुती उपाय त्या पायावर अजिबात नकोत.

संध्याकाळी आईच्या किंवा बाबांच्या पायाशी बसा. पाया पडायला आपण वाकतोच, जरा जास्त वेळ वाकायचं. ठोका लागतो का बघा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.